तात्या, तुमची पुण्याची जागा मी घेतली

प्रिय तात्या,

पत्र तुमच्या नावानं आलं, म्हणून उत्तरही तुम्हालाच लिहिते आहे. गेल्या महिन्यात पोस्टमन डायलिसिसच्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं खणखणीत वाचलं. मी तेव्हा कोऱ्हाळ्याच्या भगवानआबांच्या हातात सुई घालत होते. वर न बघता म्हटलं, "ते वारले." तो म्हणाला, "मग परत धाडतो." तशी मी म्हटलं, "थांबा, एवढी चिकटपट्टी लावते आणि घेते."

पुण्याच्या त्या मोठ्या हॉस्पिटलचं पाकीट होतं. डायलिसिस टेक्निशियनच्या तीन महिन्यांच्या वर्गासाठी तुमची निवड झाली होती. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले होते तात्या. बरोबर मुहूर्त गाठला की नाही त्यांनी?

आधी मला त्यांचा राग आला, मग तुमचा. तुमचा जास्त. कारण हे त्यांचं चौथं पत्र होतं. पहिल्या दोन वेळी बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा तुम्ही ते घडी करून खिशात घातलंत. "माझ्यामागं मशीन कोन चालवनार, पोरी? धा-बारा मानसं हायती ह्या दोन मशीनीवर. तीन म्हैनं कुनाच्या भरवशावर टाकू?" तिसऱ्या वेळचं तर तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही. ते तुमच्या वहीत सापडलं, तुम्ही गेल्यावर. मी होते ना खोलीत? दोन नंबरच्या मशीनवर तुम्हीच मला उभं केलं होतं ना? मग माझ्या भरवशावर टाकायला काय झालं होतं?

हे एकदा विचारायचं होतं. विचारलं. आता पुढचं ऐका.

मी इंदापूरहून बारामतीला आले तेव्हा मला डायलिसिस हा शब्द नीट म्हणता येत नव्हता. बारावी सायन्स पास, नर्सिंगला नंबर लागला नाही, म्हणून हेल्परची नोकरी. रोज एसटीनं जाऊन-येऊन. आमच्या घरात पोरीला शिकू नको म्हणायची कुणाची टाप नाही, आई विहारात सगळ्यांना सांगत सुटली होती की आमची वंदना दवाखान्यात मोठं काम शिकतीय. आणि मी इथं फरशी पुसत होते.

पहिल्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "बारावीला इंग्रजीत किती?" मी सांगितलं, अठ्ठावन्न. "मग तू माझ्या कामाची हायस," म्हणालात, आणि मशीनबरोबर आलेलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलंत. मी वाचून अर्थ सांगायचा आणि तुम्ही तो नट, ती नळी, तो दिवा कुठं आहे ते दाखवायचं. आपल्या दोघांत मिळून एक शहाणा माणूस व्हायचा.

तुम्ही कोण होतात ते हळूहळू कळलं. पिंपळीचे. आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, तुम्ही आयटीआय करून दवाखान्याचे वायरमन झालात. मोठ्या डॉक्टरांनी परदेशात वापरलेलं मशीन आणलं, त्याची पिन इथल्या प्लगात बसेना, ती तुम्ही बसवलीत. कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस राहिला आणि जे काय सांगायचं ते तिथं जो उभा होता त्याला सांगून गेला. उभे तुम्ही होतात. असे तुम्ही डायलिसिसवाले झालात, मस्टरवर मात्र वायरमनच राहिलात.

"डॉक्टर न्हाय, शिस्टर न्हाय, वॉर्डबॉय न्हाय," तुम्ही हसत म्हणायचात. "आपुन म्हंजे लग्नातलं आचारी. जेवान बिघडलं तरच लोकास्नी याद येती."

प्रत्येक डायलिसिसला एक कागद भरायचा असतो. वजन, बीपी, किती वाजता लावलं, किती वाजता काढलं. खाली दोन सह्या, एक टेक्निशियनची आणि एक डॉक्टरांची. मी हेल्पर, मी कचरत होते. तुम्ही पेन माझ्या हातात कोंबलंत. "ज्यानं सुई घातली त्यानं सही करायची. उद्या काय झालं तर पळायला जागा ऱ्हायला नको. तुलाबी न्हाय आन् मलाबी न्हाय." मी मनात म्हटलं, पगार हेल्परचा आणि सही टेक्निशियनची, बरा न्याय आहे. पण करत गेले. चार वर्षं करत गेले. मोठे डॉक्टर राऊंडला आले की उभ्या उभ्या खाली सही ठोकायचे आणि पुढं जायचे. कागद पेशंटच्या फायलीत, फाईल पेशंटच्या घरी.

आणि मग तो उन्हाळा आला. आठवतो का, असं विचारत नाही. तुम्ही तो शेवटपर्यंत विसरला नाहीत.

इंजिनिअर जाताना सांगून गेला होता की पाण्याच्या टाकीशेजारच्या सॉफ्टनरमध्ये दर सोमवारी मिठाचं पाणी सोडायचं. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. मग आपण सोमवार पाळायला लागलो. जाडं मीठ, पहिला पेशंट यायच्या आधी. तुमचा तर सोमवारचा उपासही असायचा. दोन्ही गोष्टी तुम्ही सारख्याच श्रद्धेनं करत होतात.

त्या वर्षी कॅनॉल बंद झाला, नळ आटला आणि दवाखान्यात टँकर यायला लागला. बोअरचं पाणी. गुरुवार होता. मशीन लावून तास-दीड तास झाला असेल, भगवानआबा म्हणाले, "अंग पेटल्यागत व्हतंय गं." तोवर दुसऱ्या मशीनवरच्या बाईंना उलटी झाली. दोघांचंही बीपी चढत चाललं. मोठे डॉक्टर म्हणाले, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. इंजेक्शन देऊन झालं. तुम्ही प्रत्येक वायर हलवून पाहिलीत, प्रत्येक आकडा दोनदा वाचलात. मशीन ठणठणीत होतं.

तेवढ्यात आबांच्या मालकीण, सोनाकाकू, बाहेरच्या नळावर जेवणाचा डबा घासून आत आल्या. "वंदे, हितल्या पान्याला काय झालंय? साबन लावतीय, लावतीय, फेस म्हनून न्हाय. ह्या पान्यात डाळ तरी शिजंल का?"

मी इंदापूरची. आमच्याकडं उन्हाळ्यात दोन हंडे असतात, एक शिजवायच्या पाण्याचा आणि एक वापरायच्या. चुकून दुसऱ्यातलं पाणी डाळीला घातलं की दुपारपर्यंत डाळ टणक आणि आईच्या शिव्या. मला एवढंच सुचलं की जे पाणी डाळीला चालत नाही ते माणसाच्या रक्ताजवळ कसं चालेल? मशीनकडं जाणाऱ्या नळीतलं पाणी बाटलीत घेतलं, सोनाकाकूंच्या साबणाचा कीस त्यात टाकला आणि हलवली. नुसत्या पांढऱ्या गाठी झाल्या. बाटली मी तुमच्या डोळ्यांसमोर धरली. तुम्ही ती पाहिलीत आणि दोघांचं नळ्यांतलं रक्त परत देऊन दोन्ही मशीनं बंद केलीत.

सोमवारचं मीठ त्याच्यासाठी होतं तात्या. पाण्याचा जडपणा सॉफ्टनर खाणार, आणि मीठ त्या सॉफ्टनरला पुन्हा ताजं करणार. कॅनॉलच्या पाण्याला ते आठ दिवस पुरायचं. बोअरच्या पाण्यानं तीन दिवसांत सॉफ्टनर संपला आणि आपण सोमवारची वाट बघत बसलो. दोन माणसं आपल्या हातून जाता जाता वाचली.

मोठ्या डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की कागदावर "उलटी" एवढंच लिहा. तुम्ही मान हलवलीत. मग टेबलाशी बसून लिहिलंत, "पाणी जड. सॉफ्टनर संपला होता. माझ्या लक्षात आले नाही. वंदनाच्या लक्षात आले. मशीन बंद केले." खाली सही केलीत आणि पेन माझ्याकडं दिलंत. मीही सही केली. डॉक्टर आले, आपलं सांगणं ऐकलं गेलंच असणार या खात्रीनं त्यांनी नेहमीसारखी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोनशे पानी वही आणलीत. डाव्या पानावर "कसं", उजव्या पानावर "का". मग आपली रविवारची शाळा सुरू झाली. रक्त गाळायचा एक जुना डायलायझर तुम्ही एक्सा ब्लेडनं उभा कापलात, आतल्या केसासारख्या हजारो नळ्या बघून तुमचं तोंड उघडंच राहिलं. पुण्याला पत्रं टाकून तुम्ही धड्यांच्या झेरॉक्स मागवल्यात. रविवारी माझ्या एसटीच्या भाड्याची सोय आई करायची आणि तुमच्या घरी कावकाव व्हायची. तरी डावी पानं भरत गेली आणि उजवी बहुतेक कोरी राहिली. आपल्याला सांगणारं कोण होतं? उजवीकडं पूर्ण भरलेलं एकच पान आहे, पाण्याचं.

आता तुमच्यावरचा खरा राग.

पेशंटच्या हातातून काढलेली सुई तुमच्या बोटात शिरली तेव्हा मी समोर होते. रक्त आलं. मी म्हटलं, तात्या, डॉक्टरांना सांगा. तुम्ही स्पिरिटचा बोळा दाबलात आणि म्हणालात, "सुई हाय, साप न्हाय." रक्तातून लागणाऱ्या काविळीची लस डॉक्टरांनी टोचून घेतली होती. आपलं "पुढच्या महिन्यात बघू" होतं आणि तो महिना काही उजाडत नव्हता. तुम्ही एकदा तरी टेबलावर हात आपटून मागायची होती. पेशंटसाठी तुम्ही कुणाशीही भांडायचात. स्वतःसाठी भांडायला तुम्हाला लाज का वाटायची?

डोळे पिवळे झाले तेव्हा तुम्ही काय केलंत? जे पेशंट काविळीची माळ घालायला जायचे त्यांना तुम्ही सोलून काढायचात. आणि स्वतः डोक्यावर माळ ठेवून बसलात, ती लांबत लांबत गळ्यात उतरायची वाट बघत. मी भेटायला पिंपळीला आले तेव्हा माळेकडं बघितलं, तुम्ही मान खाली घातलीत. "घरच्यांचं मन मोडवंना गं," म्हणालात. मी तेव्हा भांडले नाही. भांडायला हवं होतं. तुम्हाला खांद्यावर टाकून पुण्याला न्यायला हवं होतं. तेवढं माझ्याकडून राहिलं आणि ते मला रोज टोचतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी दवाखान्याच्या फळ्यावर लिहिलं होतं, "आमचे वायरमन यांचे दुःखद निधन." मी बादलीतलं फडकं पिळलं, "वायरमन" पुसलं आणि तिथं "डायलिसिस टेक्निशियन" लिहिलं. मॅनेजरनं विचारलं, कुणी केलं? मी म्हटलं, मी केलं, माझं अक्षर आहे. फळा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

तर ते पाकीट. मी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. तिकडचे क्लार्क म्हणाले, मयत माणसाची जागा दुसऱ्याला देता येत नाही. मी म्हटलं, मग मयत माणसाला येता येतंय का? पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, त्याच दवाखान्याचा टेक्निशियन असेल तर वर्गाच्या मॅडमना विचारतो, पण अनुभवाचा दाखला आणा.

मोठ्या डॉक्टरांकडं गेले. ते वाईट नाहीत हे तुम्हीही म्हणायचात. बारामतीत कुणाच्या स्वप्नात नव्हतं तेव्हा त्यांनी मशीन आणलं. पण त्यांनी मस्टर उघडून माझ्यासमोर सरकवलं. "इथं हेल्पर आहे. दाखलाही हेल्परचाच देईन. आणि तू तीन महिने गेल्यावर मशीन कोण चालवणार?"

तुमचाच प्रश्न तात्या. शब्दसुद्धा तेच. पण या वेळी माझ्याकडं उत्तर होतं. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी वॉर्डातल्या शोभा सिस्टरला शिकवत होते. तुमचीच वही, तुमचंच एक्सा ब्लेड. आता ती माझ्यापेक्षा सफाईनं सुई घालते. मी म्हटलं, "शोभा चालवेल." डॉक्टर म्हणाले, "गेलीस तर परत आल्यावर जागा असेलच असं धरून चालू नकोस."

 बाहेर येऊन बाकावर बसले. सोनाकाकू तिथंच होत्या. त्यांनी सगळं काढून घेतलं माझ्याकडून. वाटलं, म्हणतील की बाई गं, आमच्या म्हाताऱ्याला टाकून जाऊ नको. मग माझंही तुमच्यासारखंच झालं असतं. त्या म्हणाल्या, "तीन म्हैनं आमी शोभाबाईच्या हातानं काढू. तू शिकून ये. त्या दिशी साबन माझ्याकडं नसता तर?"

दोन दिवसांनी त्या साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत आबांची फाईल घेऊन आल्या. त्यांनी बाकीच्यांनाही सांगितलं होतं. सुप्याहून एक आली, इंदापूरच्या दोन माझ्याच एसटीत आल्या. शेवटी माझ्या टेबलाखाली सात पिशव्या जमल्या. प्रत्येक फायलीत कागदांमागून कागद, प्रत्येक कागदावर "टेक्निशियन" आणि त्यापुढं माझी सही. आणि तिच्याखाली, तात्या, मोठ्या डॉक्टरांची स्वतःच्या हातची सही! तुम्ही हे ठरवून केलं होतं की नुसतं तुमच्या स्वभावानं झालं? मला वाटतं, स्वभावानं. तुम्हाला एवढा कावा जमला नसता.

त्या सात पिशव्या घेऊन मी पुण्याला गेले. कंडक्टरनं विचारलं, भाजी आहे का. वर्गाच्या मॅडम साठीच्या आसपासच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी चार-पाच कागद चाळले आणि म्हणाल्या, "अनुभव दिसतोय, पण दाखला नाही." मी म्हटलं, "हा प्रत्येक कागद दाखलाच आहे." त्या परत चाळायला लागल्या आणि आबांच्या फायलीतल्या एका कागदावर थांबल्या. चष्मा डोळ्यांवर घेतला. तो त्या गुरुवारचा कागद होता. म्हटलं, संपलं, आपली चूकच हातात लागली यांच्या.

"हे ओळखलं कसं? टेस्ट किट होतं?"

"नाही. साबण होता. एका पेशंटच्या मालकिणीच्या लक्षात आलं, मी बाटलीत हलवून बघितला."

"आणि 'माझ्या लक्षात आले नाही' असं लिहिणारे हे कोण?"

"ज्यांची जागा मी मागते आहे, ते," मी म्हटलं.

त्यांनी तो कागद वेगळा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी शिकवते, पण स्वतःची चूक सहीनिशी लिहिलेला कागद माझ्यासमोर पहिल्यांदा आलाय." त्यांनी यादी पुढं ओढली. तुमच्या नावावर काट मारली नाही. त्याच्यापुढं "यांच्या जागी" असं लिहून माझं नाव घातलं. वर म्हणाल्या, पहिल्या दिवशी वर्गाला हा गुरुवार तूच सांगायचा.

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं निघते आहे. मॅनेजरनं बिनपगारी रजेच्या अर्जावर "नामंजूर" लिहून परत दिला. मी त्याच्याखाली "जात आहे" लिहून सही केली आणि परत त्यांच्या टेबलावर ठेवला. परत आल्यावर जागा दिली तर मशीनवर, नाही दिली तर दवाखान्याच्या दारात उभी राहीन, आत दहा-बारा माणसं माझ्या बाजूनं आहेत. वर्गात घ्यायच्या आधी लस लागते, तिचा पहिला डोस परवाच टोचून घेतला. शोभालाही घ्यायला लावला. मोठ्या डॉक्टरांच्या केबिनसमोर दोघी बसून राहिलो, मिळेपर्यंत उठलो नाही.

तुमची वही पिशवीत घेतली आहे. तुमच्या अक्षरातलं शेवटचं डावं पान मी पुन्हा पुन्हा वाचते. "सुई बोटात गेल्यास: स्पिरिट लावून दाबून धरणे, काम चालू ठेवणे." त्याच्या उजवीकडं कोरं आहे.

तात्या, शब्द देते. वही घेऊन परत येईन, उजवीकडची सगळी पानं भरून आणीन, आणि माझ्यानंतर पुढच्या वर्गाला शोभा जाईल, मशीन बंद न पडता. पण सगळ्यात आधी ते शेवटचं पान. उजवीकडं मी "का" लिहीन, तुम्ही का गेलात ते सगळं. आणि डावीकडचं तुमचं वाक्य, तुमच्या अक्षरातलं असलं तरी, माझ्या हातानं खोडीन. खोडल्याची सहीही करीन.

तुमची,
वंदना
डायलिसिस टेक्निशियन, मशीन नंबर दोन